शहर सोडणारे संघ आणि न्यायालये : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

व्यावसायिक खेळांचे संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले जातात, तेव्हा उभ्या राहणाऱ्या खटल्यांविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक खटले अमेरिकेतले आहेत. तेथे संघ ही विकत घेता येणारी, विकता येणारी आणि हलवता येणारी मालमत्ता आहे, आणि संघांची संख्या लीगने जाणूनबुजून मर्यादित ठेवलेली असल्यामुळे संघ मिळवण्यासाठी शहरांमध्ये कायम चढाओढ चालू असते. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहते. गेल्या काही वर्षांत तेथील बास्केटबॉल संघ सॅन फ्रान्सिस्कोला, फुटबॉल संघ लास वेगासला आणि बेसबॉल संघ सॅक्रामेंटोकडे गेला. मालकाच्या मनात येईल तेव्हा त्याला संघ उचलून नेता येतो का? (ठाणे)

मालकाला एकट्याच्या मर्जीने संघ हलवता येत नाही. मात्र जी परवानगी लागते ती शहराची नसते. ती लीगमधल्या इतर संघमालकांची, म्हणजे त्याच्याच प्रतिस्पर्ध्यांची असते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या घटनेतील ४.३ क्रमांकाच्या नियमानुसार स्थलांतरासाठी तीन चतुर्थांश मालकांची मते लागतात. या नियमावरचा पहिला मोठा खटला आपल्या मुलीच्या ओकलंडनेच दिला, आणि आजचे सारे वाद त्याच्याशी कोठेतरी जोडलेले असल्यामुळे तो जरा विस्ताराने सांगतो.

लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या प्रचंड मैदानावर खेळणारा रॅम्स हा संघ १९८० च्या हंगामापासून जवळच्याच अ‍ॅनाहाइमला गेला आणि मैदान रिकामे पडले. ओकलंड रेडर्सचे सर्वेसर्वा अल डेव्हिस यांनी ती जागा घेण्याचे ठरवले. मार्च १९८० मध्ये इतर मालकांनी या स्थलांतराविरुद्ध मतदान केले. बावीस मते विरोधात पडली, पाच मालक तटस्थ राहिले आणि बाजूने एकही मत पडले नाही. कोलिझियमच्या व्यवस्थापन मंडळाने आणि डेव्हिस यांनी लीगवर दावा लावला. संघमालक हे एकमेकांचे व्यावसायिक प्रतिस्पर्धी आहेत आणि त्यांनी एकत्र येऊन एका प्रतिस्पर्ध्याला बाजारपेठेत येण्यास बंदी करणे हा १८९० च्या शर्मन कायद्याचा, म्हणजे तेथील मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

लीगचा बचाव असा होता की, लीग हा एकच धंदा असून संघ ही त्याची अंगे आहेत. एकटा माणूस स्वतःशीच संगनमत करू शकत नाही. पहिल्या सुनावणीत ज्युरीचे एकमत झाले नाही. मे १९८२ मध्ये दुसऱ्या ज्युरीने लीगला दोषी धरले. फेब्रुवारी १९८४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रत्येक संघाचा मालक वेगळा, नफातोटा वेगळा आणि धोरणे वेगळी असताना 'आम्ही एकच' हा बचाव टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मक्तेदारीविरोधी कायद्यात भरपाई तिप्पट होते. त्यानुसार ज्युरीने कोलिझियमसाठी ठरवलेल्या सुमारे ४९ लाख डॉलरचे १ कोटी ४६ लाख झाले आणि रेडर्ससाठी ठरवलेल्या १ कोटी १५ लाखांचे जवळपास साडेतीन कोटी. रेडर्सची रक्कम पुढे कमी करावी लागली, कारण ओकलंड सोडून लॉस एंजेलिससारखी मोठी बाजारपेठ त्यांच्या पदरात पडली होती आणि तो लाभ हिशेबात धरणे भाग होते.

त्या निकालातील एका भागाकडे फारसे लक्ष गेले नाही. स्थलांतर रोखणारा प्रत्येक नियम बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. लोकसंख्या, आर्थिक अंदाज, मैदानाची स्थिती, चाहत्यांची निष्ठा असे वस्तुनिष्ठ निकष लिहून ठेवून लीगने निर्णय घेतला असता, तर त्याचा बचाव करणे सोपे गेले असते, असे निकालपत्रात सुचवले आहे. लीगने ती सूचना मानली आणि स्थलांतराचे लेखी धोरण तयार केले. हाच कागद पुढे तिच्यावर कसा उलटला, ते सेंट लुईसच्या प्रश्नात येईल.

त्याच वर्षी, १९८४ मध्ये, बास्केटबॉलचा क्लिपर्स संघ सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला लीगची परवानगी न घेताच निघून गेला. १९८७ मध्ये त्याच अपील न्यायालयाने स्पष्ट केले की, रेडर्सच्या निकालाने कोणालाही मोकळे रान मिळालेले नाही. प्रत्येक प्रकरणात त्यातल्या वस्तुस्थितीची छाननी करावी लागेल. तेव्हापासून कायदा तेथेच, काहीसा लोंबकळत, उभा आहे. मालकांना लीगच्या विरोधात जाण्याची भीती वाटते आणि लीगला मालकाला अडवण्याची, त्यामुळे आजकाल दोघे आपसांतच जमवून घेतात. आपल्या मुलीने पाहिलेल्या रेडर्सच्या ताज्या स्थलांतराला २०१७ मध्ये ३१ मते पडली आणि विरोधात फक्त एक.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन संपादित करू शकते, तसे संघही संपादित करू शकत नाही का? (पुणे)

हा प्रयत्न दोन शहरांनी केला आहे आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. रेडर्स जाणार असे दिसताच ओकलंड शहराने फेब्रुवारी १९८० मध्ये संघाच्या सक्तीच्या संपादनासाठी दावा दाखल केला. योग्य मोबदला देऊन सार्वजनिक उपयोगासाठी मालमत्ता घेण्याचा अधिकार जमिनीपुरताच आहे की करार, हक्क, फ्रँचायझी (म्हणजे लीगमध्ये संघ चालवण्याचा हक्क) अशा अमूर्त मालमत्तेलाही लागू होतो, हा त्यातला प्रश्न होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की, कायद्याच्या शब्दांत अमूर्त मालमत्ता वगळलेली नाही. सार्वजनिक उपयोग सिद्ध करण्याची संधी शहराला मिळाली पाहिजे. प्रकरण पुन्हा खाली गेले. शेवटी १९८५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने शहराचा दावा दुसऱ्याच कारणासाठी फेटाळला. राष्ट्रीय पातळीवर चालणाऱ्या लीगमधला एक संघ एका शहराने कायमचा बांधून ठेवला, तर राज्याराज्यांमधील व्यापारावर असह्य भार पडतो, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतील व्यापारविषयक कलमाला ते मानवत नाही, असे त्याचे कारण होते. परीक्षेत हे प्रकरण आले, तर 'संपादन करता येते का' आणि 'येथे करता येते का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर शहराच्या बाजूने आले होते.

दुसरे शहर बाल्टिमोर. तेथील कोल्ट्स संघाचे मालक रॉबर्ट इरसे अनेक शहरांशी बोलणी करत होते. मार्च १९८४ च्या शेवटच्या आठवड्यात मेरीलँडच्या सिनेटने संघाचे संपादन करण्याचा अधिकार शहराला देणारे विधेयक मंजूर केले. ही बातमी कानावर पडताच इरसे यांनी इंडियानापोलिसचा प्रस्ताव स्वीकारला. २८ मार्चच्या रात्री मेफ्लॉवर कंपनीचे सामान वाहून नेणारे पंधरा ट्रक संघाच्या सराव केंद्रावर लागले. बर्फ पडत होते. गणवेश, कागदपत्रे, व्यायामाची साधने असे जे हाती लागले ते भरून ट्रक पहाटेपूर्वी निघून गेले. २९ मार्चला राज्यपालांनी विधेयकावर सही केली आणि ३० मार्चला शहराने न्यायालयात धाव घेऊन चार कोटी डॉलर मोबदला देऊ केला. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते याहून वेगळे नसते.

तरी कायद्याचा मुद्दा उरतोच. फ्रँचायझी ही अमूर्त मालमत्ता आहे, मग ट्रकमध्ये भरलेले सामान गेले म्हणून फ्रँचायझीही गेली असे कसे म्हणता येईल? डिसेंबर १९८५ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने यावर विचार केला. संघाचे मुख्य कार्यालय, सामान आणि कामकाज ३० मार्चपूर्वीच राज्याबाहेर गेले होते, तेव्हा त्या दिवशी मालमत्तेचे ठिकाण मेरीलँडमध्ये नव्हते आणि जे हद्दीत नाही ते राज्याला संपादित करता येत नाही, असा निकाल लागला. माझ्या मते हा निकाल तर्काला धरून आहे, पण त्याचा अर्थ असा होतो की, जो मालक रातोरात पळ काढतो त्याला संरक्षण मिळते आणि जो उघडपणे चर्चा करत बसतो तो अडकतो. संपादनाचे शस्त्र पुढे कोणत्याही शहराने गंभीरपणे उचलले नाही.

प्रश्न : संघ मैदानाचा भाडेकरू असतो. करार संपण्यापूर्वी तो निघाला तर न्यायालय त्याला थांबवते, की उरलेले भाडे घेऊन सोडून देते? (कोल्हापूर, निवृत्त बँक अधिकारी)

शहराच्या हातातले सर्वांत मजबूत कागदपत्र म्हणजे हा भाडेकरार, आणि आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. करारभंग झाला की साधारण उपाय नुकसानभरपाईचा असतो. ठरल्याप्रमाणे वागण्याचा हुकूम, म्हणजे आपल्या वकिलांच्या तोंडी असलेला 'स्पेसिफिक परफॉर्मन्स', पैशाने भरून न निघणारे नुकसान असेल तरच मिळतो. गाळ्याचा भाडेकरू गेला तर दुसरा मिळतो. शहरातला एकमेव बास्केटबॉल संघ गेला तर दुसरा कोठून आणणार?

हा प्रश्न सिअ‍ॅटलमध्ये पूर्णपणे लढवला गेला. सुपरसॉनिक्स हा तेथील संघ २००६ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाने ३५ कोटी डॉलरला विकत घेतला. खरेदीकरारात सिअ‍ॅटल परिसरात नवे मैदान मिळवण्यासाठी वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करण्याची अट होती. प्रयत्न फसले असे सांगून गटाने संघ ओक्लाहोमाला नेण्याची परवानगी मागितली. पण की-अरीना या मैदानाचा भाडेकरार सप्टेंबर २०१० पर्यंत होता. त्यात संघाने सामने तेथेच खेळावेत, अशी स्पष्ट तरतूद होती आणि ती हुकूम मिळवून अमलात आणता येईल, असेही लिहिलेले होते. शहराने पैसे न मागता फक्त हा हुकूम मागितला. मालकांचे म्हणणे होते की, उरलेल्या दोन हंगामांचे भाडे घ्या आणि आम्हाला मोकळे करा.

जून २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांच्यापुढे सहा दिवस सुनावणी झाली. मालकांनी एकमेकांना पाठवलेले ईमेल तेथे वाचले गेले. पुढचा हंगाम ओक्लाहोमात खेळता येईल का, असे एका भागीदाराने एप्रिल २००७ मध्ये, म्हणजे 'प्रामाणिक प्रयत्नांचे' वर्ष चालू असताना विचारले होते, तेव्हा बेनेट यांनी आपण त्याच ध्यासाने झपाटलेलो आहोत अशा अर्थाचे उत्तर दिले होते. संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवण्यासाठी आम्ही तो घेतलाच नव्हता, असे दुसऱ्या एका भागीदाराने वृत्तपत्राला सांगून टाकले होते आणि लीगने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला होता.

इतके असूनही शहराची बाजू पूर्ण स्वच्छ नव्हती. मालकांना दोन वर्षे तोट्यात अडकवून ठेवले, तर ते संघ स्थानिक माणसांना विकतील, असा आराखडा शहराच्या बाजूच्या लोकांनी तयार केल्याचे कागद मालकांच्या वकिलांनी पुढे आणले. करारपूर्तीचा हुकूम हा न्यायबुद्धीवर आधारलेला उपाय असतो आणि तो मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. हुकूम दुसऱ्याच हेतूसाठी हवा आहे असे न्यायाधीशांना वाटले, तर तो नाकारला जाऊ शकतो. शहराचे वकील स्लेड गॉर्टन हे जुने जाणते होते. १९६९ चा एकच हंगाम खेळून सिअ‍ॅटलचा पायलट्स हा बेसबॉल संघ मिलवॉकीला गेला, तेव्हा राज्याचे महाधिवक्ता म्हणून त्यांनीच बेसबॉल लीगवर दावा लावला होता आणि त्यातूनच शहराला १९७७ मध्ये मरिनर्स हा नवा संघ मिळाला होता.

२ जुलै २००८ रोजी दुपारी निकाल येणार होता. त्याच्या काही तास आधी तडजोड झाली. शहराला ताबडतोब साडेचार कोटी डॉलर मिळाले. संघाचे नाव आणि रंग सिअ‍ॅटलमध्ये राहिले. आणखी तीन कोटींची अट होती, पण त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने मैदानाच्या नूतनीकरणाला ठरावीक मुदतीत निधी मंजूर करणे आवश्यक होते. तो मंजूर झाला नाही, म्हणून ते पैसेही आले नाहीत. शहराने कच खाल्ली, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. मला ती पटत नाही. खटला जिंकला असता तरी हाती दोनच हंगाम आले असते, मालक त्याच हेतूने बसून राहिले असते आणि २०१० नंतर शहराकडे मागण्यासारखे काहीच उरले नसते. आपल्या प्रश्नाचे उत्तर देणारा निकाल मात्र त्यामुळे कधीच लिहिला गेला नाही. भाडेकरारात सामने तेथेच खेळण्याची आणि हुकूम मिळण्याची तरतूद शब्दशः लिहिलेली असेल, तर शहराला ताकद मिळते, एवढे त्या सुनावणीवरून म्हणता येते.

प्रश्न : सेंट लुईसला संघ गेल्यावर ७९ कोटी डॉलर मिळाले, असे वाचले. भाडेकरार संपला होता, तरी इतके पैसे कशाचे? (न्यू जर्सी)

रॅम्स संघ १९९५ मध्ये लॉस एंजेलिसहून सेंट लुईसला आला, तेव्हा त्याला आणण्याच्या घाईत शहराने फार जाचक करार केला होता. ठरावीक वर्षांनी मैदान लीगमधल्या पहिल्या चतुर्थांश उत्तम मैदानांत मोडले पाहिजे, नाही तर दीर्घ मुदतीचा करार संपून तो एकेका वर्षाचा होईल, अशी अट त्यात होती. २०१५ पर्यंत ती पाळली गेली नाही. त्यामुळे जानेवारी २०१६ मध्ये ३० विरुद्ध २ मतांनी संघमालक स्टॅन क्रॉन्की यांना लॉस एंजेलिसला परतण्याची परवानगी मिळाली, तेव्हा भाडेकराराचा आधार शहराला नव्हता.

म्हणून २०१७ मध्ये शहर, परगणा आणि मैदानाचे प्राधिकरण यांनी लीगच्या स्थलांतर धोरणावर बोट ठेवले. रेडर्सच्या निकालानंतर लिहिलेला तोच हा कागद. संघाने आपल्या जुन्या शहरात टिकण्यासाठी प्रामाणिक प्रयत्न करावेत, असे त्यात म्हटले आहे. हा लीग आणि संघ यांच्यातला करार असून त्याचा लाभ यजमान शहरांसाठीच आहे, तेव्हा शहरालाही त्यावर दावा करता येतो, असा वादींचा युक्तिवाद होता. जोडीला फसवणुकीचा आरोप होता, कारण संघ राहू शकतो या आश्वासनावर विसंबून नव्या मैदानाच्या आराखड्यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता. स्थानिक न्यायालयाने दावा फेटाळण्यास नकार दिला आणि पुढे दंडात्मक भरपाई ठरवण्यासाठी काही संघमालकांच्या वैयक्तिक संपत्तीचा तपशील मागवला. सुनावणी जानेवारी २०२२ मध्ये सेंट लुईसच्याच ज्युरीपुढे व्हायची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये लीगने ७९ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातले जवळपास ३५ टक्के वकिलांच्या शुल्कात गेले.

ज्यांना या विषयात रस आहे त्यांच्यासाठी एक उपकथा आहे. १९९५ च्या स्थलांतराच्या वेळी लीगने २.९ कोटी डॉलर शुल्क आकारले होते. त्याचा भार आपल्यावर पडला म्हणून सेंट लुईसच्या मंडळाने तेव्हा मक्तेदारीविरोधी कायद्याखाली लीगवर दावा लावला आणि १९९८ मध्ये अपिलात तो हरला. दुसऱ्या वेळी त्यांनी मक्तेदारीचा रस्ता सोडून करार आणि फसवणूक यांचा धरला, यात मला योगायोग वाटत नाही.

प्रश्न : संघ गेला तरी नाव, रंग, जुने विक्रम कोणाचे? त्यासाठी काही कायदा आहे का? (नाशिक)

नाव आणि रंग ही संघमालकाची बोधचिन्हे असतात, त्यामुळे ती आपोआप शहराकडे राहत नाहीत. सिअ‍ॅटलची तडजोड वर आलीच आहे, पण पायंडा पाडला तो क्लीव्हलंडने. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी आर्ट मॉडेल यांनी ब्राउन्स संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. अकरा वर्षांपूर्वी ज्याचा संघ रात्रीत पळवला गेला होता, तेच हे बाल्टिमोर. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी मैदानाच्या दुरुस्तीसाठी दारू-तंबाखूवरचा कर पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने मोठ्या संख्येने मतदान केले. भाडेकरार १९९८ पर्यंतचा होता, त्यामुळे शहराने न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि त्या जोरावर फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. मॉडेल खेळाडूंसह बाल्टिमोरला गेले आणि तेथे रेव्हन्स या नावाने नवा संघ सुरू झाला. ब्राउन्स हे नाव, रंग आणि सारे विक्रम क्लीव्हलंडमध्ये राहिले आणि १९९९ मध्ये लीगने त्याच नावाचा संघ पुन्हा मैदानात उतरवला.

त्यानंतर ओहायो राज्याने एक कायदा केला, त्याला लोक मॉडेल यांच्याच नावाने ओळखतात. करदात्यांच्या पैशातून आधार मिळालेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला जायचे असेल, तर शहराची संमती तरी हवी किंवा सहा महिन्यांची नोटीस देऊन स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी तरी द्यायला हवी. वीस वर्षे हा कायदा कागदावरच होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलंबस क्रू हा सॉकर संघ टेक्सासमधील ऑस्टिनला नेण्याचा बेत उघड झाला, तेव्हा राज्य आणि शहर यांनी मार्च २०१८ मध्ये त्याचा आधार घेऊन दावा लावला. कायदा घटनेच्या कसोटीवर टिकतो का, याचा शेवट झालाच नाही; खटला चालू असताना स्थानिक गुंतवणूकदार पुढे आले, संघ कोलंबसमध्येच राहिला आणि ऑस्टिनला नवा संघ मिळाला. वेळ मिळवून देणे एवढेच या कायद्याने केले, पण कोलंबसला त्याहून अधिक काही नकोच होते. २०२५ मध्ये विधिमंडळाने तो राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरता मर्यादित केला, कारण ब्राउन्सच्या मालकांना शेजारच्या ब्रूक पार्क या उपनगरात जायचे होते. मालक होते हॅसलॅम कुटुंब, ज्यांनी कोलंबसचा संघ वाचवण्यात पुढाकार घेतला होता.

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लब हलवण्याची प्रथा नाही. म्हणूनच विंबल्डन क्लबला साठ मैलांवरील मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तिघांच्या आयोगाने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मताने दिली, तेव्हा गहजब झाला. चाहत्यांनी न्यायालयाचा रस्ता न धरता स्वतःचा एएफसी विंबल्डन हा क्लब तळातल्या लीगपासून सुरू केला. जुन्या क्लबच्या चषकांवरचा आणि इतिहासावरचा हक्क नव्या शहरातील क्लबने २००७ मध्ये सोडून दिला.

प्रश्न : मालकाने दिवाळे काढले तर दिवाळखोरी न्यायालय संघ दुसऱ्या शहरात विकू शकते का? (सोलापूर)

तसा प्रयत्न २००९ मध्ये झाला. आइस हॉकीच्या फिनिक्स कोयोटीज संघाच्या मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ब्लॅकबेरीचे जिम बालसिली यांनी संघ विकत घेऊन कॅनडातील हॅमिल्टनला नेण्याची तयारी दाखवली. किंमत सर्वांत जास्त त्यांचीच होती. न्यायाधीश रेडफिल्ड बाम यांनी ती नाकारली. धनकोंना जास्त पैसे मिळतात एवढ्या कारणाने लीगचा, आपले संघ कोठे खेळतील हे ठरवण्याचा, हक्क मोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संघ शेवटी लीगनेच घेतला. बेसबॉलची गोष्ट आणखी वेगळी आहे. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये ठरवले आणि १९७२ मध्ये, ही विसंगती आहे हे मान्य करूनही, ती दुरुस्त करणे संसदेचे काम आहे म्हणून तशीच ठेवली. ओकलंडचा बेसबॉल संघ आपल्याकडे यावा म्हणून सॅन होजे शहराने केलेला दावा २०१५ मध्ये याच भिंतीवर आपटला.

प्रश्न : एफसी पुणे सिटी बंद होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत आम्ही पाच वर्षे सामने पाहिले. आपल्याकडे कोणी न्यायालयात का जात नाही? (पुणे)

आपल्याकडे संघ जातात, पण खटले होत नाहीत, हे खरे आहे. २०१९ मध्ये पुण्याचा संघ संपून त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, त्याच वर्षी दिल्लीचा डायनामोज संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघ पुन्हा दिल्लीला गेला. वर आलेले खटले पाहिले, तर दावा लावणारा कोण होता ते लक्षात घ्या : मैदानाचा मालक, ज्याच्याकडे दीर्घ मुदतीचा भाडेकरार होता, किंवा संघासाठी कोट्यवधी खर्च केलेली महापालिका. चाहत्याचा लीगशी करार नसतो, त्यामुळे त्याला दाव्याचे कारण मिळत नाही. संघाने अमुक वर्षे याच मैदानावर खेळावे, न खेळल्यास अमुक दंड द्यावा, असा करार ज्या शहराशी झालेलाच नाही, ते शहर न्यायालयात काय दाखवणार?

असा करार पुढेमागे झाला, तर आपला कायदा काय म्हणेल, हा मला रंजक वाटणारा प्रश्न आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने करारपूर्तीचा हुकूम न्यायालयाच्या मर्जीवरून काढून जवळजवळ नियमाच्या जागी आणला. सिअ‍ॅटलच्या मालकांनी केलेला 'भाडे घ्या आणि सोडा' हा युक्तिवाद त्यामुळे येथे दुबळा पडेल. पण त्याच अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, ज्या सततच्या कर्तव्यावर न्यायालय देखरेख करू शकत नाही, अशा करारासाठी हुकूम मिळत नाही. संघाने दोन हंगाम मनापासून खेळावे, यावर कोणते न्यायालय देखरेख करणार? मालकांचा वकील मी असतो, तर तेथूनच सुरुवात केली असती.

महाराष्ट्रात सामने हलवण्यावरून झालेला मोठा वाद वेगळ्या कारणाचा होता. २०१६ च्या दुष्काळात आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्यावर जनहित याचिका दाखल झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मुंबईतला अंतिम सामना बंगळुरूला झाला आणि पुण्याच्या संघाने उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळले. त्या प्रकरणात संघमालक, मंडळ आणि क्रिकेट संघटना यांना सामने येथेच हवे होते.

प्रश्न : मग सामान्य चाहत्याने कधी काहीच जिंकलेले नाही का? (डोंबिवली)

जिंकलेले आहे, पण चाहता म्हणून नव्हे, ग्राहक म्हणून. सेंट लुईसमध्ये १९९५ साली लोकांनी आसनाचा हक्क विकत घेतला होता. त्या आसनाचे तिकीट तीस वर्षे आपल्यालाच घेता येईल, असा तो परवाना होता. संघ २०१६ मध्ये गेल्यावर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात पैसे परत द्यावेत, म्हणून त्यांनी सामूहिक दावा लावला आणि २०१९ मध्ये २.४ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. सिअ‍ॅटलच्या हंगामी तिकीटधारकांना पुढील हंगामांसाठी ठरावीक दराचे आश्वासन लेखी मिळाले होते. त्यांनाही त्याच मार्गाने भरपाई मिळाली. आपल्याकडे हंगामी पास घेताना पाठीमागची बारीक अक्षरे वाचून ठेवावीत. आयोजक ठिकाण बदलू शकतात अशी अट तेथे असेल, तर ग्राहक आयोगापुढे तेवढ्याच एका मुद्द्यावर दावा अडेल.